कुशनवाल्याच्या दारात स्पोर्ट्स कार

देवदिवाळीच्या आसपास म्हसवडात नंबरप्लेटा वाचत हिंडायला मजा येते. केरळ, तमिळनाडू, बंगाल, उत्तर प्रदेश, गुजरात. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला सिद्धनाथाचा रथ निघतो आणि तेवढ्यासाठी गलाईवाले असतील तिथून निघून गाव गाठतात. माण, खटाव, आटपाडी, खानापूर या अवर्षणाच्या पट्ट्यातली माणसं जुनं सोनं आटवून शुद्ध करायच्या धंद्यात शिरली आणि सराफकट्टा असेल त्या शहरात जाऊन बसली. वर्षभर भट्टी, मूस आणि तेजाबाची वाफ. गावी येताना मात्र गाडी धुऊनपुसून, आणि जमलं तर नवी. ज्याची गाडी मोठी त्याची भट्टी बरी चाललीय, हा गावाचा साधा हिशेब.

माझा आतेभाऊ त्रिशूरला असतो. आम्ही त्याला दादाच म्हणतो. त्यानं यंदा हिशेब उलटा केला. मोठी गाडी तिकडंच ठेवली आणि छोटी आणली : दोन दारं, दोन सीटं, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी जर्मन स्पोर्ट्स कार. तीही जुनी, दहाएक वर्षं दुसऱ्यानं वापरलेली. गतिरोधक आला की तिरकी घालून एकेक चाक चढवायचं. स्टँडजवळ थांबली की पोरं फोटो काढायची आणि म्हातारी माणसं विचारायची, "दोघंच बसत्यात? मग बाकीच्यांनी काय करायचं?" या प्रश्नाला जगातल्या कुठल्याही स्पोर्ट्स कारवाल्याकडं उत्तर नाही.

माझ्या पिढीची पहिली स्पोर्ट्स कार म्हणजे 2004 च्या 'टारझन : द वंडर कार' या सिनेमातली. ती दिलीप छाब्रियांच्या डीसी डिझाइननं घडवलेली. त्याच डीसीनं 2012 च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत 'अवंती' मांडली. त्याच्या आधी सॅन मोटर्सची 'स्टॉर्म' गोव्यात बनत होती आणि अलिबागजवळ 'चिंकारा' नावाची उघडी दोनसीटी गाडी जुळवली जात होती. इंजिनं उसनी, स्टॉर्म आणि अवंतीला रेनॉचं, चिंकाराला इसुझूचं. हौस मात्र अस्सल घरची. दादाच्या गाडीचं इंजिन उसनं नव्हतं आणि ते उत्तम चालत होतं. दुखणं होतं ते आत, जिथं माणूस बसतो तिथं. आणि त्यासाठीच त्यानं ती एवढ्या लांबून मामाच्या दारात आणली होती.

हा मामा म्हणजे माझे वडील. आबांचं स्टँडमागं कुशनचं दुकान होतं. वडापच्या जीपा, ट्रॅक्स, टेम्पो, ट्रॅक्टरची सीटं, मोटरसायकलची सीटं, कधी डॉक्टरांच्या दवाखान्यातलं तपासायचं टेबल. आता दुकान बंद आहे, शिलाई मशीन सोप्यात आहे आणि आबांचं नख अजून तसंच आहे. कुठलीही वस्तू पुढं आली की ते आधी अंगठ्याच्या नखानं ती खरवडतात. दादाही तेच करतो, त्याच्या धंद्यातली सवय. गाडीत दोघं शेजारी शेजारी बसले आणि दोघांनी एकदमच डॅशला नख लावलं, तेव्हा मला हसू आवरेना. एकानं हयातभर वस्तूंवर कव्हर चढवलं, दुसऱ्यानं हयातभर वरचं सगळं जाळून आतलं बाहेर काढलं.

"ह्यो मुलामा हाय," दादा म्हणाला.

"समदा मुलामाच असतुया," आबा म्हणाले. "किती जाड हाय ते बघायचं."

गाडीच्या आतल्या सजावटीबद्दल याहून नेमकं मी कुठं ऐकलेलं नाही. शोरूममध्ये आपण नावं विकत घेतो : लाकूड, अ‍ॅल्युमिनियम, कार्बन, लेदर. हाताला लागतो तो प्रत्येकाच्या वरचा थर. लाकूड दिसतं तो बहुतेक वेळा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा पापुद्रा असतो आणि त्यावर लॅकरचं पाणी. स्वस्तातल्या गाडीत तर लाकडाचं छापील चित्रच. अ‍ॅल्युमिनियम कधी खरा पत्रा असतो, कधी प्लास्टिकवरचा चंदेरी रंग. कार्बन फायबरची वीण खरी असली, तरी तिच्यावर रेझिन आणि पारदर्शक लॅकर असतं आणि ते लॅकर हलकं निघालं की उन्हानं पिवळं पडतं. लेदरच्या बाबतीत तर सगळ्यात मोठी गंमत आहे, तिच्याकडं येतो.

आधी बटणं. दादाच्या गाडीतली एसीची आणि काचांची बटणं चिकट झाली होती. बोट लावलं की काळा डाग बोटावर. त्याला वाटलं, आधीच्या मालकानं काही गोड सांडलं असणार. तसं काही नव्हतं. हाताला मऊ लागावं म्हणून प्लास्टिकवर एक रबरी रंग मारायची पद्धत निघाली. नव्यात तो मखमली लागतो. मग दमट हवा आणि उष्णता मिळून त्याचं रसायन मोडतं आणि रंग चिकट होतो. त्रिशूरसारख्या दमट हवेत त्याला वेळ लागत नाही. ही गरिबाच्या गाडीची खोड नव्हे; नव्वदच्या दशकातल्या आणि त्यानंतरच्या फेरारी गाड्यांची चिकट बटणं हा तर त्या मालकांचा ठरलेला रडगाण्याचा विषय. उपाय एकच, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं तो थर काढून टाकायचा आणि खालचं कडक प्लास्टिक उघडं ठेवायचं. हे काम दादानं आमच्या ओट्यावर बसून स्वतः केलं. वरचं काढून टाकण्यात त्याचा हात बसलेलाच आहे.

त्यानंतर पियानो ब्लॅक. गिअरच्या आजूबाजूचं ते चकचकीत काळं प्लास्टिक पहिल्या दिवशी आरशासारखं असतं. दादाच्या गाडीत त्यावर बारीक गोल गोल ओरखड्यांचं जाळं होतं. कारण सांगायला तज्ज्ञ नको. माणदेशातली धूळ काचा बंद असल्या तरी आत येते. धुळीत सिलिकाचे कण असतात, ते प्लास्टिकपेक्षा कितीतरी कठीण. आपण कोरडं पिवळं फडकं घेऊन मायेनं पुसतो आणि प्रत्येक वेळी तेच कण घासत नेतो. आधी मऊ ब्रशनं धूळ उडवायची किंवा व्हॅक्यूमनं ओढून घ्यायची, मग ओलसर मायक्रोफायबर, दाब न देता. त्यावर पीपीएफ नावाची पारदर्शक फिल्म चिकटवता येते, पण ती ओरखडे पडायच्या आधी लावायची वस्तू आहे. माझं वैयक्तिक मत असं की ज्याच्या गावात धूळ आहे त्यानं पियानो ब्लॅक घेऊच नये. ते तळहाताच्या उंचीवर बसवायची कल्पना ज्याला सुचली त्यानं कधी फडकं हातात घेतलं नसणार.

आबांनी तो तुकडा पाहिला आणि म्हणाले, "ह्येच्यावर कातडं चढवतो. ठिसूळ दिसतंय, पर बसंल."

लेदर आपल्या भागाला परकं नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत आणि साताऱ्याचं, सांगलीचं नाव त्यात आहे. हिरडा आणि बाभळीची साल यांत कमावलेलं ते कातडं. आबांच्या पायात तेच. नव्या वहाणा आणल्या की तेल पाजायचं, मग त्या पायाच्या होतात, रंग गडद होतो आणि करकर कमी होते. दादाच्या सीटच्या कडेला, चढता-उतरता मांडी घासते तिथं, सुरकुत्या पडून रंग उडाला होता. आबांना पहिल्यांदा तेलच आठवलं. पण गाडीचं लेदर निराळं. ते बहुधा क्रोमनं कमावलेलं असतं आणि त्यावर पॉलियुरेथेनचा रंगीत थर दिलेला असतो, केसाच्या जाडीपेक्षाही पातळ. तेल त्यातून आत जातच नाही. वर राहतं, धूळ धरतं आणि घासपेपरचं काम करतं. म्हणजे कातडं सांभाळतोय असं म्हणत आपण सांभाळतो तो रंग. त्याला पाणी आणि अगदी सौम्य साबण पुरे. सॅनिटायझर लावलेले हात मात्र वाईट, अल्कोहोलनं तो थर सैल होतो. नव्या जीन्सचा निळा रंग फिक्या सीटवर उतरतो, तोही लवकर पुसला नाही तर कायमचा मुरतो.

आणि चकाकी. दादाला स्टिअरिंगची चकाकी आवडायची. आबांनी ओलं फडकं करकचून पिळून एक वीतभर जागा पुसली, फडकं काळं झालं आणि खालून मंद, कोरडा, मूळचा रंग आला. गाडीचं लेदर नवं असताना मॅट असतं. ते चकाकायला लागलं की समजावं, हाताचं तेल आणि मळ साचलाय. दादा बराच वेळ त्या वीतभर जागेकडं बघत बसला. सोन्यात चकाकीवर विश्वास ठेवायचा नसतो हे त्याला कुणी सांगायला नको होतं, स्टिअरिंगमध्ये ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं इतकंच.

मग निवडीचा प्रश्न आला. दादाच्या फोनमध्ये चित्रांचा ढीग होता. बिस्किटी रंगाचा डॅश, तांबडी सीटं, अल्कांताराचं स्टिअरिंग. अल्कांतारा हे हरणाचं कातडं असावं अशी त्याची समजूत होती. ते कापड आहे, पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेनचं. 1970 मध्ये जपानच्या तोरे कंपनीतल्या मियोशी ओकामोतो यांनी ते शोधलं आणि पुढं इटलीत ते बनू लागलं. हलकं असतं, हाताला पकड देतं, प्रकाश गिळून टाकतं, म्हणून शर्यतीच्या गाड्यांत शोभतं. पण रोज घामाचा तळवा लागला की त्याची लव बसते, गोळे होतात. ओलसर फडक्यानं पुसून, वाळल्यावर मऊ ब्रशनं लव उभी करायची, हे सतत करत राहावं लागतं. आबांनी नमुन्याचा तुकडा चोळला. "कापडच हाय की. डोक्यावर लाव, हातात नगं." म्हणजे छताला. मला ते पटलं. छताला हात लागत नाही आणि ऊन वरच्या पत्र्यावरच अडतं.

बिस्किटी डॅश मीच हाणून पाडला. फिका किंवा चकचकीत डॅश समोरच्या काचेत उमटतो आणि भर दुपारी रस्त्यावर धुरकट पडदा आल्यासारखं दिसतं. 1961 च्या पहिल्या जॅग्वार ई-टाइप गाड्यांत डॅशच्या मध्यभागी नक्षीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा होता, दिसायला देखणा. पुढच्या गाड्यांत त्याची जागा काळ्या आवरणानं घेतली. फेरारीच्या 1987 च्या एफ40 मध्ये तर सजावटच काढून टाकलेली, गालिचा नाही आणि दार आतून उघडायला नुसती दोरी. हे सांगितल्यावर आबा खूश झाले. "आमच्या वडापच्या ट्रॅक्सला दोरीच हुती. त्येंनी आमचं बघून केलं आसंल."

आबांच्या दुकानात एक न लिहिलेला नियम होता. मांडी टेकते तिथं कापड, कडेला रेक्झिन. उन्हात उभ्या जीपचं रेक्झिन चटका देतं आणि दोन उन्हाळ्यांत घडीवर तडकतं. त्याला मऊ ठेवणारं रसायन उष्णतेनं उडून जातं आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट धूसर थर होऊन बसतं. ज्याला आपण नव्या गाडीचा वास म्हणतो, त्यातही ते असतं. अमेरिकेत अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी टेंपी शहरात मोजलं आणि 2018 मध्ये प्रसिद्ध केलं : बाहेर चाळिशीच्या आसपास तापमान असताना उन्हात तासभर उभ्या गाडीचा डॅश सरासरी 69 अंश सेल्सिअसला गेला, स्टिअरिंग 53, सीट 51. सावलीतल्या गाडीत डॅश 48. म्हसवडचा मे महिना टेंपीच्या फार मागं नाही. वीस अंशांचा हा फरक कुठल्याही बाटलीत विकत मिळत नाही, तो लिंबाखाली मिळतो. नाहीतर काचेमागं उभा करायचा चंदेरी पडदा. समोरची काच दोन थरांची असल्यानं अतिनील किरण बरेचसे तिथंच अडतात. बाजूची काच तेवढी सावध नसते, म्हणून दाराची कड आणि सीटची बाहेरची बाजू आधी फिकी पडते. बाजूला काळी फिल्म मारावी म्हटलं तर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिला मनाई केली. पुढं नियम बदलले, आणि 2024 मध्ये केरळ उच्च न्यायालयानं प्रकाश जाण्याची ठरलेली मर्यादा पाळणारी फिल्म चालेल असं म्हटलं. गाडी केरळची असल्यानं दादाला हा निकाल तोंडपाठ होता.

मला स्वतःला यातून एकच सूत्र हाताला लागतं. हातानं झिजलेलं मला चालतं, उन्हानं, धुळीनं आणि आळसानं गेलेलं चालत नाही. आमच्याकडं नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक वर्षानुवर्षं काढत नाहीत. खाली घाम साचतो, धूळ जाऊन बसते, आणि ज्या स्पर्शासाठी पैसे मोजले तो कुणालाच मिळत नाही. स्पोर्ट्स कारमध्ये तर बोटं, तळवा, मांडी, कोपर सगळं गाडीला चिकटून असतं. तिथं झाकून ठेवायचं तर ती घ्यायचीच कशाला? म्हणून स्टिअरिंगला साधं गुळगुळीत लेदर, काळं. डॅश गडद आणि मॅट. हात टेकतो त्या पट्टीवर पियानो ब्लॅकच्या जागी कातडं. गिअरचा गोळा खरा अ‍ॅल्युमिनियमचा, तो उन्हात तापेल आणि थंडीत गारठेल, पण त्याचा रंग उडणार नाही, कारण त्याला रंगच नाही. दादानं हे सगळं मान्य केलं. सीटच्या कडेवर मात्र गाडी अडली.

आबांनी सीटची बाहेरची शिवण बोटानं चाचपली. तिथं एक छोटी कापडी चिठ्ठी शिवलेली होती, एअरबॅगची. बाजूनं धडक बसली की सीटच्या कडेतून फुगा बाहेर येतो, आणि तो यावा म्हणून तिथली शिवण फाटावी लागते. ती मुद्दाम ठराविक दोऱ्यानं, ठराविक टाक्यानं घातलेली असते, ठराविक जोर लागला की उसवावी अशी. वरून घट्ट कव्हर चढवलं किंवा तिथं भक्कम टाका घातला, तर फुगा आतच अडतो किंवा उशिरा येतो. आबांना हे नवीन होतं. त्यांच्या साऱ्या धंद्याची अब्रू एका वाक्यात होती : "कातडं फाटंल, माझा दोरा तुटायचा न्हाई." जीपमधल्या वीस माणसांच्या ओझ्याखाली तो खरंच तुटला नाही. आणि इथं जर्मनीत कुणीतरी डोकं खर्चून तुटणारा दोरा निवडला होता.

ते काही वेळ गप्प होते. मग सीट पुन्हा चाचपली, या वेळी नखानं नाही. "हितं म्या हात लावायचा न्हाई," म्हणाले. "ह्ये पुण्याला, कंपनीत. बाकीचं मी बघतो." दादानं आग्रह केला, मामा, तुम्ही सावकाश करा, काही होत नाही. आबा बधले नाहीत. बाकी कुठल्या गोष्टीत त्यांनी इतक्या सहज माघार घेतलेली मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी रथ. सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं म्हणत गुलाल-खोबऱ्याची उधळण झाली, आणि दादा डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी होऊन थेट गाडीत बसला. सीटला हवा जायची बारीक भोकं आहेत, प्रत्येक भोकात गुलाल. शिवणीत गुलाल, छताला गुलाल, पट्ट्याच्या खाचेत खोबऱ्याचा तुकडा, त्याचं तेल कातड्यावर. कुणीतरी ओलं फडकं घेऊन धावलं. मी अडवलं. गुलाल कोरडा आहे तोवर धूळ, भिजला की रंग. आधी व्हॅक्यूम, मऊ ब्रशचं तोंड लावून, भोकांवर न दाबता. त्यानंतरच ओलसर फडकं. पूजेच्या हळदीचं दुखणं कमी, तिचा पिवळा डाग उन्हात हळूहळू विरतो. आजच्या गुलालात कसले रंग असतात ते दुकानदारालाही माहीत नसतं.

पण खरी अडचण आत्यानं आणली. देवाचा गुलाल मशीननं ओढून कचऱ्यात टाकायचा? ती गाडीच्या दारातच उभी राहिली. दादानं समजावलं, मी रसायन समजावलं, दोन्ही वाया. शेवटी ठरलं असं की व्हॅक्यूमची पिशवी नदीकडं नेऊन रिकामी करायची, आणि चिमूटभर गुलाल आतल्या एका शिवणीत ठेवायचा. कुठली, तर गिअरशेजारच्या पट्टीची, जी आबा नवी शिवणार होते. आता त्या काळ्या कातड्यावर ठेवलेला गुलाल डागासारखा दिसणार. त्यावर दादाला तोड सुचली : पट्टीचा दोराच गुलाली घ्यायचा.

मी पुण्याला निघालो तेव्हा आबांनी कागदाच्या पुडीत चिमूटभर गुलाल बांधून दिला, रंग जुळवायला. "उन्हात धरून बघ, दुकानातल्या दिव्याखाली नगं. आन् नायलॉन देतील, घिऊ नगं, उन्हानं कुजतंय. पॉलिएस्टर माग. जाड रीळ आसंल तर दोन घे, आत्याची पिशवीबी शिवायची हाय."